वजन गेलं कुठं?

विटा मागे पडलं तरी संयोगिताचं बोलणं थांबलं नव्हतं. फिरत्या प्रयोगशाळेची गाडी मायणीच्या रस्त्याला लागली होती. अजमलभाई गाडी चालवत होते, त्यांच्या शेजारी उदयसिंह सर डोळे मिटून बसले होते आणि मागच्या बाकावर ही पोरगी, थर्मोकोलच्या खोक्यावर एक हात ठेवून, दोघांना सांगत होती की लॅटिनमधला ‘लेविस’ आणि आपला ‘लघु’ एकाच घरातले आहेत.

हवेत तरंगण्याला इंग्रजीत ‘लेव्हिटेशन’ म्हणतात हे तिला कॉलेजपासून माहीत होतं. तो शब्द ‘ग्रॅव्हिटेशन’च्या धर्तीवर ‘लेविस’पासून घडवला, आणि ‘लेविस’ म्हणजे हलका, हेही तिने कधीतरी वाचलं होतं. पण कोशात बोट फिरवताना काल तिला जे सापडलं त्याने तिची झोप उडाली होती. ‘लघु’ प्राकृतात गेला, ‘लहुअ’ झाला. मग त्यातल्या ‘ल’ आणि ‘ह’ यांनी जागा बदलल्या आणि झाला ‘हलुअ’. त्यातून आपलं हळू, त्यातूनच आपलं हलकं. म्हणजे पाटणची तिची आत्या दुधाची किटली देताना ‘हलक्या हातानं धर’ म्हणते, तेव्हा ती रोमन सैनिकाच्या शब्दाचा चुलतभाऊच वापरत असते.

“आत्याला सांगितलंस का?” अजमलभाईंनी आरशातून विचारलं.

सांगितलं होतं. आत्या म्हणाली होती, असंल बाई, पर किटली सांडू नगं.

उदयसिंह सरांनी डोळे न उघडताच विचारलं की शब्द छान आहे, पण गेल्या शनिवारी त्याच शब्दाने काय केलं ते आठवतंय ना. संयोगिताला ते चांगलंच आठवत होतं.

सर सांगलीच्या विश्रामबागेतल्या कॉलेजातून निवृत्त झालेले पदार्थविज्ञानाचे प्राध्यापक. दोन-चार जुन्या विद्यार्थ्यांना गाठून त्यांनी ही गाडी उभी केली होती. सातारा आणि सांगली जिल्ह्यांतल्या गावांत जायचं, चौकात टेबल मांडायचं, प्रयोग दाखवायचे. संयोगिता त्यांची शेवटच्या तुकडीतली विद्यार्थिनी. एम.एस्सी. झाल्यावर सगळ्या मैत्रिणी पुण्याला गेल्या, ही या गाडीत चढली. तिने स्वतःचा एकच प्रयोग आणला होता, पण तो सगळ्यात मोठा होता. काळी, पापडीएवढी एक चकती. भुकटी दाबायची, भट्टीत भाजायची, फुटली की पुन्हा दळायची. असं वर्षभर केल्यावर एकच चकती धड निघाली. ती द्रव नायट्रोजनात थंड केली की अतिसंवाहक, म्हणजे सुपरकंडक्टर, होते आणि तिच्यावर धरलेला चुंबक हात सोडला तरी बोटभर उंचीवर हवेत थांबतो. पहिल्यांदा थांबला तेव्हा संयोगिता प्रयोगशाळेत एकटीच होती आणि ती स्टुलावर चढून उभी राहिली होती. का, ते तिला आजही सांगता आलं नसतं.

गेल्या शनिवारी पाटणजवळच्या एका गावात हा प्रयोग पहिल्यांदा लोकांसमोर ठेवला. मराठी शब्द हवा म्हणून तिने कापडावर मोठ्या अक्षरांत रंगवलं होतं: लघिमा. अर्थ हलकेपण, मूळ ‘लघु’. तिला वाटलं, याहून नेमका शब्द मिळणार नाही. पण गावात नाथाजी नावाचे पोथी वाचणारे आजोबा होते. त्यांनी फलक वाचला आणि भोवतीच्या बायांना समजावलं की लघिमा ही योग्यांची सिद्धी, तिने माणूस कापसासारखा होऊन आकाशात जातो. संयोगिताने वळून पाहीपर्यंत थर्मोकोलच्या वाडग्याला हळदकुंकू लागलं होतं. मागून कुणीतरी नारळ पुढे केला. सरांनी त्याच जागी टेबल आवरायला घेतलं.

त्यांचं म्हणणं सरळ होतं. ज्या प्रयोगापुढे लोक हात जोडतात तो प्रयोग राहत नाही. आज माण तालुक्यातल्या एका वाडीत शेवटचा प्रयत्न. तिथेही हात जोडले गेले तर चकती विश्रामबागेतल्या कपाटात जाईल आणि गाडीत भिंग, घंटा, बॅटऱ्या एवढंच राहील. शब्दाचं म्हणशील तर आपला ‘अधांतरी’ काय वाईट आहे, असंही त्यांनी विचारलं होतं. संयोगिताला तो शब्द मुळीच आवडत नव्हता. त्याला अडकलेल्या भरतीचा आणि तारीख पे तारीखचा वास येतो, असं ती म्हणायची. शिवाय तो काहीच सांगत नाही, नुसता मध्ये लोंबकळतो. म्हणून तिने नवा फलक रंगवला होता. शब्द साधे, पण मूळ तेच: ‘हलकं होऊन हवेत’.

वाडीत दूध संकलन केंद्रासमोर मोकळी जागा होती. दुपारी तीनला ऊन कलायला लागलं तेव्हा टेबल मांडून झालं. मुंबईला गेलेल्या पुरुषांची वाडी ही. समोर बसल्या त्या बाया, म्हातारी माणसं आणि शाळेची पोरं. चार-दोन शेरडंही गर्दीत शिरली होती.

आता फक्त नायट्रोजन यायचा होता. गाडीकडे त्याचं स्वतःचं भांडं नव्हतं. पण दूध संघाकडे असतं, कारण जनावरं भरवायच्या वीर्याच्या कांड्या त्याच थंडीत टिकतात. दहिवडीहून ऋषिराज नावाचा पोरगा ते भांडं मोटारसायकलला बांधून घेऊन यायचा होता. जनावरांच्या कृत्रिम रेतनाचं काम तोच बघायचा आणि गावोगाव त्याला सगळे डॉक्टर म्हणत.

ऋषिराज आला. त्याच्या मागोमाग, दोरी ओढत, घामाघूम झालेला दादासो आला. दोरीच्या दुसऱ्या टोकाला म्हैस होती.

“डाक्टर, बरं घावलासा. सकाळपास्नं माजावर हाय. फोन उचलत न्हाईसा.”

लोक हसले. ऋषिराजने परोपरीने सांगितलं की आज तो त्या कामाला आलेला नाही, आज विज्ञान आहे. दादासोने भांड्याकडे बोट दाखवून विचारलं की मग ह्यात काय ताक आणलंय का. शेवटी म्हैस टेबलाच्या कडेला, रांगेत उभी राहिली. विज्ञान झालं की तिचा नंबर, असं ठरलं.

ऋषिराजने संयोगिताला बाजूला घेऊन बजावलं की भांड्यात एक कांडी शिल्लक आहे. तिच्यापुरता नायट्रोजन ठेवूनच तो ओतणार. एकदा ओतेन, दुसऱ्यांदा मागू नका.

संयोगिताने वाडग्याच्या तळाला खाच पाडून चकती तिच्यात बसवली होती आणि हलू नये म्हणून दोन बाजूंनी लाकडी काड्या खोचल्या होत्या. चकतीवर बोटभर जाडीचा पुठ्ठा ठेवला, पुठ्ठ्यावर चुंबक. ऋषिराजने ओतलं. पांढरा धूर वाडग्याच्या काठावरून उतरून टेबलावर पसरला आणि पुढच्या पोरांच्या मांडीपर्यंत गेला. पोरं ओरडली, म्हैस मागे सरली. फसफस थांबल्यावर संयोगिताने पुठ्ठा ओढून काढला.

चुंबक होता तिथेच राहिला. खाली काही नाही, वर काही नाही.

तिने त्याच्या खालून कागद सरकवून दाखवला. वरून हात फिरवला. जरा मोठ्या आवाजात, जरा घाईनेच, ती म्हणाली की बघा, चुंबक हलका होऊन हवेत तरंगतोय. मग तिने ‘हलकं’ या शब्दाची गोष्ट सांगायला घेतली. रोमपासून सुरुवात केली. ती प्राकृतापर्यंत पोचली तेव्हा दुसऱ्या ओळीतून एक बाई उठून पुढे आली.

शालूबाईला सगळी वाडी आक्का म्हणायची. आसपासच्या वाड्यांतली शेरडं, बोकडं विकत घ्यायची आणि म्हसवडच्या बाजारात न्यायची, हा तिचा धंदा. बोकड दाखवणारा कितीही गुण गाऊ दे, आक्का ते काट्याला टांगल्याशिवाय एक शब्द बोलायची नाही. टांगायच्या आधी बराच वेळ दावणीला बांधून ठेवायची, कारण विकणारे मीठ चारून पोटभर पाणी पाजून आणतात. टेबल मांडताना बायांनी हे सगळं संयोगिताला सांगितलं होतं.

तिने वाकून चुंबकाकडे पाहिलं, मग फलकाकडे, मग संयोगिताकडे.

“हलका झाला म्हणतीस. मग ह्याचं वजन गेलं कुठं?”

उत्तर संयोगिताला येत होतं. परीक्षेत तिने ते लिहिलंही असतं. पण फलकावर तिने स्वतः रंगवलेला शब्द त्या उत्तराच्या बरोबर उलट बोलत होता, आणि हे तिला आत्ता, या क्षणी, दिसलं. वजन कुठेही गेलं नव्हतं. वजन जाऊच शकत नव्हतं.

चूक सापडल्याची लाज होती, पण थोडीच. बाकी सगळा आनंद होता.

“आक्का, काट्यावर घालूया?” तिने विचारलं.

आक्का म्हणाली की तिचा काटा बोकडाचा, त्याला हे खेळणं कळायचं न्हाई. किराणा दुकानातला मागवा. एक पोरगी पळाली आणि दुकानातला आकडे दाखवणारा काटा छातीशी धरून घेऊन आली. संयोगिताने त्याच्या स्टीलच्या ताटलीवर थर्मोकोलचा जाड ठोकळा ठेवला, म्हणजे चुंबक ताटलीला ओढला जाणार नाही. ठोकळ्यावर वाडगं. वाडग्यात चकती, चकतीच्या वर अधांतरी चुंबक.

सगळे आकड्याकडे बघायला लागले. आणि आकडा उतरायला लागला.

एक ग्रॅम. जरा थांबून आणखी एक. मग आणखी एक. कुणीच हात लावला नव्हता. पुढे बसलेले कोंडीबा आजोबा हळू आवाजात म्हणाले की जातंय, वजन जातंय. ते तोंडातोंडी मागे गेलं. कोंडीबांचे हात मांडीवरून उठले आणि छातीजवळ आले.

संयोगिताने सरांकडे पाहिलं. सर त्या हातांकडेच पाहत होते.

तिला वाडग्यावरचा धूर दिसला आणि ती जवळजवळ हसली. नायट्रोजन उकळत होता, उडून जात होता. कमी होत होतं ते त्याचं वजन. पण हे नुसतं बोलून भागणार नव्हतं. बोलून तर ती सकाळपासून दमली होती. आक्काच्या बोकडाचं पाणी तिला आठवलं. तिने कोंडीबांना विचारलं की बाबा, बोकड काट्यावर असताना मुतलं तर तुम्ही काय म्हणाल, बोकड हलकं झालं?

कोंडीबांचे हात तिथेच थांबले. मागे एक बाई फसकन हसली.

आता करायचं एवढंच होतं. चुंबक उचलायचा. तो खरंच बिनवजनाचा झाला असेल तर काढला काय आणि ठेवला काय, आकड्याला फरक पडणार नाही. तो आपला हळूहळू उतरत राहील. वजन असेल तर आकडा धाडकन पडेल. तिने बांबूचा चिमटा आक्काच्या हातात दिला. एवढ्यात पोरांमधून कुणीतरी ओरडलं. धूर थांबला होता. वाडगं कोरडं पडलं होतं. चुंबक एका बाजूला कलला आणि चकतीवर बसला.

संयोगिताने ऋषिराजकडे पाहिलं. ऋषिराजने नकारार्थी मान हलवली. आतली कांडी खराब झाली तर जबाबदारी त्याची, असं तो सगळ्यांदेखत म्हणाला. सर उठून उभे राहिले आणि म्हणाले की ठीक आहे, झालं तेवढं पुरे, आवरा. त्यांचा आवाज कठोर नव्हता, त्यामुळे ते जास्तच लागलं. लोकांनी शेवटचं जे पाहिलं ते उतरणारा आकडा होता. तेवढंच घेऊन ते घरी जाणार होते.

तेव्हा दादासो म्हणाला, “कांडी कुनाची हाय ती?”

सगळ्यांना कळायला एक क्षण लागला.

“माझ्याच म्हशीची हाय न्हवं? मग आदी म्हस भरवा. कांडी गेली की मग कशाला राखताय त्यो धूर? समदा पोरीला ओता.”

त्यात कुठेही खोट नव्हती. ऋषिराजही हसला. केंद्रामागच्या शेडमध्ये म्हैस गेली, दादासो गेला, आणि इकडे सगळी वाडी पदार्थविज्ञानासाठी म्हशीची वाट बघत बसली. अजमलभाईंनी सरांना सांगितलं की प्रयोगशाळेच्या नोकरीत इतकी वर्षं काढली, पण प्रयोग असा थांबलेला पाहिला नाही. सरांना हसू आवरेना. ते पुन्हा खाली बसले.

भांडं परत आलं आणि या वेळी ऋषिराजने हात राखून ओतलं नाही. धूर टेबलावरून जमिनीवर सांडला. चुंबक पुन्हा हवेत. आकडा पुन्हा उतरायला लागला, एक, एक, एक.

“उचला आक्का.”

आक्काने चिमट्याने चुंबक धरला आणि वर ओढला. तो सहज आला नाही. तिने भुवया उंचावल्या, जरा जोर लावला, तेव्हा सुटला. आकडा धाडकन खाली आला.

“किती?” मागून आवाज आला.

काट्याजवळच्या पोरीने वजाबाकी करून सांगितलं, एकवीस. संयोगिताने आक्काला चुंबक पुन्हा हवेत ठेवायला सांगितला. आकडा वर उडाला. पुन्हा उचला. खाली. पुन्हा ठेवा. वर. दर वेळी एकवीस-वीसची उडी, आणि मधल्या वेळात उडणाऱ्या नायट्रोजनाची ती संथ उतरण. शेवटी नुसता चुंबक काट्यावर घातला. एकवीस.

आता पोरं उभीच होती. आकडा वर गेला की एकच गलका होत होता. कोंडीबांना स्वतः चिमटा हवा होता. त्यांचे हात छातीपाशी नव्हते. ते पुढच्या बाईला कोपराने सारत होते.

“म्हंजी ह्यो हलका झालाच न्हाई,” आक्का म्हणाली. “सगळा भार त्या काळ्या पापडीवर हाय. हात न लावता पेललाय तिनं.”

“व्हय आक्का.”

“मग त्या कापडावर काय लिवलंयस?”

हशा पिकला. संयोगिताही हसली. तिने जाऊन फलक काढला, उलटा केला आणि अजमलभाईंकडून मार्कर घेतला. लिहिता लिहिता ती मोठ्याने सांगत होती, लोकांना की स्वतःला, ते तिलाही माहीत नव्हतं. हवेत तरंगणाऱ्या वस्तूला पूर्वी ज्यांनी नाव दिलं त्यांना वाटलं की ती हलकी झाली असणार, म्हणून रोमवाल्यांच्या ‘हलक्या’पासून एक शब्द झाला आणि आपल्या ‘लघु’पासून दुसरा. दोघांनी एकच अंदाज बांधला आणि तो अंदाज शब्दाच्या मुळात जाऊन बसला. पण आपल्याकडे आणखी एक शब्द आहे. त्यात ‘अंतर’ आहे, म्हणजे मधली जागा. आधीचा ‘अध’ कुठून आला याची दोन मतं तिने वाचली होती, कुणी ‘खालचं’ म्हणतं, कुणी ‘अर्धं’. नक्की काय ते तिला अजून पडताळायचं होतं. पण काहीही निघालं तरी तो शब्द वजनाबद्दल अवाक्षर काढत नाही. वस्तू कुठे आहे एवढंच सांगतो. का आहे, ते शोधायचं काम आपल्यावर सोडतो.

तिने फलक वर धरला. अधांतरी.

सरांनी चष्मा काढून पुसला.

आक्काला मात्र शब्दाशी देणंघेणं नव्हतं. ती आपलं बोट चोळत चुंबकाकडे बघत होती.

“उचलताना ह्यानं मला खाली वढलं,” ती म्हणाली. “नुसतं वर ढकलत असतं तर वढलं कशापायी? ह्यानं वरनं बी धरलंय आन खालनं बी.”

ते दाखवणारा पुढचा भाग संयोगिताने कधीच लोकांपुढे केला नव्हता. तो तर जादूसारखाच दिसतो, म्हणून सरांनी बजावलं होतं. तिने सरांकडे पाहिलं. सर काट्याजवळच्या गर्दीकडे पाहत होते, तिथे दोन पोरं एकवीस की वीस यावरून भांडत होती. मग सरांनी मान डोलावली.

वाडग्यात थोडाच नायट्रोजन उरला होता. तिने चकतीच्या बाजूच्या काड्या काढल्या आणि चिमटा पुन्हा आक्काच्या हाती दिला. जोर लावू नका, सावकाश वर घ्या, एवढंच सांगितलं.

आक्काने चुंबक उचलला. आणि त्याच्या खालून, बोटभर अंतर राखून, काळी चकती वाडग्यातून बाहेर आली. धुराची शेपटी सोडत ती चुंबकाखाली हवेत लटकत राहिली. मध्ये काही नाही. आक्काने हात डावीकडे नेला, चकती डावीकडे गेली. उजवीकडे नेला, उजवीकडे आली.

वाडी गप्प झाली होती, पण ती देवळातली शांतता नव्हती. दूध घालायला रांगेत उभं राहताना काट्यावर नजर ठेवतात ना, तसे सगळे डोळे त्या बोटभर जागेवर होते. कोंडीबांनी तिच्यातून आपली काठी हळूच आरपार घातली आणि बाहेर काढली.

“गरम झाली की सुटंल,” संयोगिता कुजबुजली.

“खाली वाडगं धर मग,” आक्का म्हणाली.

तिने धरलं. थोड्या वेळाने चकती थरथरली आणि टप्पदिशी वाडग्यात पडली. पोरांनी एकच आरोळी ठोकली. म्हशीनेही मान वर केली.

ऋषिराज भांड्यात डोकावून शेवटचा घोट उरलाय का बघत होता. काट्याजवळची पोरगी सांगत होती की आता नुसती चकती तोला, मग दोन्ही मिळून तोला. सर अजमलभाईंकडे वळले आणि म्हणाले की सांगलीत उतरल्या उतरल्या एक काटा घ्यायचा, एक-एक ग्रॅम दाखवणारा. पुढच्या गावाला तो चकतीबरोबर एकाच खोक्यात राहील.